दोर सोडण्याआधी: गाभण जनावर विकताना, नेताना आणि कत्तलखान्याच्या दारात

हात कोपराच्या वर आत गेला होता आणि बोटांना काहीतरी कडक, टोकदार लागलं. चिमटीत धरलं, तर ते मागं ओढलं गेलं. रेडकाचा खूर होता तो. झोपलेल्या लेकराच्या तळपायाला बोट लावलं की ते पाय आखडून घेतं, तसाच त्यानं आखडला. माझा मदतनीस शेजारी कागद धरून उभा होता. कागदावर लिहिलं होतं: म्हैस, काळी, चौथं वेत, भाकड.

पहाटेचे साडेपाच वाजले होते. ती म्हैस रात्रभर ट्रकमध्ये उभी राहून एका कत्तलखान्याच्या दारात आली होती आणि मी तिथली पशुवैद्यक होते. व्यापाऱ्याकडून मूळ मालकाचा नंबर घेऊन फोन लावला. तो लबाड माणूस नव्हता. "डॉक्टरीणबाई, वर्ष झालं, ती माजावरच आली न्हाई. मग भाकडच की," म्हणाला. माजावर येत नाही म्हणून त्यानं तिला भाकड धरलं आणि ती माजावर येत नव्हती कारण तिच्या पोटात आठ महिन्यांचं रेडकू होतं. चरायला गेली असताना कधीतरी रेडा लागला होता, घरात कुणाला पत्ताच नव्हता.

नोकरीच्या ३१ वर्षांतली चार वर्षं मी कत्तलखान्यात तपासणीला काढली, बाकीची सोलापूर, सांगली आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या दवाखान्यांत. दोन्ही टोकं पाहिली म्हणून सांगते, गाभण जनावर कत्तलखान्याच्या दारात ओळखलं तरी फार उशीर झालेला असतो. बाजार, ट्रक, भूक, तहान, अनोळखी जनावरांची ढुसणी हे सगळं त्यानं दोन जिवांनिशी सोसलेलं असतं. तपासणी व्हायला हवी ती दावणीला, दोर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी. म्हणून पुढं जे लिहिते आहे त्यातलं बरंच गोठ्यातलंच आहे. गाडीवाले आणि कत्तलखान्यात काम करणारे यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे.

आधी तारीख

ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच कॅलेंडरवर जनावर भरवल्याची तारीख लिहा. कृत्रिम रेतन केलं असेल तर पावती जपून ठेवा. रेडा किंवा वळू दाखवला असेल तर त्या दिवसावर गोल करा. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी, शेळी-मेंढी १५० दिवसांनी. म्हशीची तारीख काढायची सोपी रीत अशी की भरवल्याच्या तारखेत दहा महिने आणि वर एक आठवडा मिळवायचा. १५ ऑगस्टला भरवली असेल तर पुढच्या २२ जूनच्या आसपास.

जागतिक पशुआरोग्य संघटनेचं मार्गदर्शन असं आहे की गाभण काळाचा शेवटचा दहावा हिस्सा उरला असेल तर त्या जनावराची वाहतूक करू नये आणि कत्तलही करू नये. म्हणजे म्हशीचा शेवटचा महिना, गायीचे शेवटचे चार आठवडे, शेळीचे शेवटचे पंधरा दिवस. माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे. म्हशीला आणि गायीला शेवटचे दोन महिने गाडीत चढवू नका, शेळी-मेंढीला शेवटचा महिना. आपल्याकडं तारखा अंदाजानं सांगितल्या जातात, "दिवाळीच्या अलीकडं कधीतरी" अशा. त्या अंदाजात महिनाभराची चूक सहज बसते. तशात आपले रस्ते आणि आपल्या गाड्या. दहावा हिस्सा मोजायला तारीख पक्की लागते, ती कुणाजवळच नसते.

म्हशीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे मुका माज. गाय माजावर आली की हंबरते, उड्या मारते, बळस (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकते, शेजारच्या आळीला कळतं. म्हैस, त्यातून उन्हाळ्यातली, गुपचूप माजावर येते आणि गुपचूप उतरते. म्हणून "माजावर आली नाही" या वाक्यावर म्हशीचा सौदा कधीही करू नका. त्याचा अर्थ ती भाकड आहे असा होतो, माज तुम्हाला दिसला नाही असा होतो, किंवा ती गाभण आहे असाही होतो. यातलं खरं कुठलं ते हात घातल्याशिवाय कळत नाही.

हात डॉक्टरनंच घालायचा. दोन महिने झाले की गुदद्वारातून चाचपून गाभण आहे की नाही हे सांगता येतं. चार महिन्यांच्या पुढं गर्भाशयाच्या रक्तवाहिनीवर बोट ठेवलं की नळीतून पाणी सुटल्यासारखी थरथर लागते. एकदा लागली की ती बोटं विसरत नाहीत. घरच्या माणसानं, नाहीतर गावातल्या "अनुभवी" माणसानं हे करायला जाऊ नये. आतडं फाटून जनावर गेलेलं मी पाहिलं आहे. शेळीला सोनोग्राफी लावली तर महिन्याभराच्या गाभणपणातही दिसतं. दवाखान्यात यंत्र असेल तर विकायच्या आधी दहा शेळ्या एकदम घेऊन जा, एक सकाळ पुरते.

डोळ्यांनी आणि हातानं

डॉक्टर जवळ नसला तरी उशिराचं गाभणपण घरच्या घरी ओळखता येतं. म्हैस उजव्या अंगानं तुमच्याकडं येईल अशी उभी करा. डाव्या बाजूला कोठीपोट असतं, तिथं वैरणीशिवाय काही लागत नाही. उजव्या कुशीत, मागच्या मांडीच्या पुढं, जरा खालच्या अंगाला मूठ टेकवा. एकदा सावकाश आत दाबा आणि मूठ तशीच ठेवा. सातवा महिना उलटला असेल तर आतलं रेडकू पाण्यात बुडालेल्या लाकडासारखं दूर जातं आणि परत येऊन मुठीवर आपटतं. गुद्दा मारायचा नाही, फक्त दाबायचं.

दुसरी रीत मला एका तात्यांनी दाखवली, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात. मी तेव्हा नोकरीत नवी होते. ते म्हैस घ्यायला आले होते आणि व्यापाऱ्याशी रुमालाखाली बोटं धरून भाव चालला होता. मध्येच त्यांनी हात काढून घेतला, घागरभर गार पाणी मागवलं, म्हशीला पाजलं आणि तिच्या उजव्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. बोलले काही नाहीत. दोन-तीन मिनिटांनी म्हशीच्या कुशीवर आतून एक उंचवटा आला, सरकला आणि गेला. तात्या उठून परत रुमालाकडं गेले. गार पाण्यानं पोटातलं पिल्लू हलतं ही जुनी रीत आहे. पुढं कत्तलखान्यात मी रोज पहाटे जनावरं हौदावर सोडली की उजव्या बाजूला उभी राहायची. पिल्लू हललं नाही म्हणजे गाभण नाही असं धरायचं नाही, पण हललं तर पुढं विचारायचं काही उरत नाही.

पहिलारू असेल तर कास बघा. तिची कास पाचव्या-सहाव्या महिन्यापासून भरू लागते. तीन-चार वेतं झालेल्या म्हशीची कास शेवटच्या पंधरवड्यापर्यंत सुरकुतलेली राहू शकते, म्हणून तिथं कासेवर भरवसा नको. शेपटीच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा. विण्याचे दिवस जवळ आले की तिथले कडक दोर ढिले पडतात आणि खड्डे दिसतात. सडांना मेणासारखी चमक आली असेल, मागून चिकट स्रावाची तार (सोट) लोंबत असेल, तर ते जनावर कुठल्याही गाडीत चढवायचं नाही, मग बाजार उद्या असो की आज.

शेळीला दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहा, तोंड पुढं. दोन्ही तळवे पोटाखाली, कासेच्या जरा पुढं, अलगद वर उचला आणि सोडा. तिसरा महिना संपल्यावर कडक गोळे हाताला लागतात. पण शेळ्यांच्या बाबतीत खरा प्रश्न तपासणीच्या आधीचा आहे. कळपात बोकड बारा महिने मोकळा असेल तर सहा महिन्यांच्या वरची प्रत्येक पाट, म्हणजे तरणी शेळी, गाभण आहे असं धरूनच चाला. विकायच्या माद्या निदान पाच महिने आधी बाजूला काढा, बोकडाची सावली पडू देऊ नका, मग गाभण आहे का हा प्रश्नच येत नाही. मेंढपाळांना हे अवघड जातं, मला माहीत आहे, वाडा रोज हलत असतो. निदान नरांच्या पोटाला आडवं फडकं बांधायची जुनी रीत तरी पाळा.

दुष्काळात हे सगळं कोलमडतं. पाणी संपलं, कडब्याचा भाव चढला की माणूस आधी दूध न देणारं जनावर दावणीतून सोडतो आणि दिवस भरत आलेली गाभण म्हैस दूध देत नसतेच. चारा छावणीच्या वर्षांत माझ्याकडं कत्तलीला आलेल्या "भाकड" म्हशींत गाभण जास्त सापडायच्या. तशा वर्षी तर तपासल्याशिवाय विकूच नका. गाभण म्हशीला बाजारात भाकडापेक्षा किती तरी जास्त भाव येतो. जो तिला सांभाळणार आहे, त्याला तिच्या पोटातलं रेडकूही हवं असतं.

घेणाऱ्यानंही विचारावं. कधी व्याली होती, रेडा लागला का, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय. बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि कृत्रिम रेतनाची, गर्भतपासणीची नोंद झाली असेल तर ती भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीत त्या आकड्यांवर दिसते. दवाखान्यातून काढून घ्या.

न्यायचीच असेल तर

गाभण पण दिवस लांब असलेली म्हैस एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात न्यावी लागते, त्याला इलाज नसतो. माहेराला जाते, विकली जाते, पाण्याच्या सोयीला जाते. तेव्हा नीट न्या.

कायदा १९७८ च्या पशू वाहतूक नियमांत आहे. पशुवैद्यकाचा दाखला लागतो, की जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला साथीचा रोग नाही. मोठी जनावरं एका मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त नाहीत, सोबत एक माणूस आणि प्रथमोपचाराचं सामान, इतर माल त्याच गाडीत नाही, चारा-पाणी बरोबर. त्याच नियमांत एक ओळ आहे जी बऱ्याच गाडीवाल्यांना कुणी सांगितलेलीच नसते: दिवस भरत आलेली जनावरं आणि लहान वयाची जनावरं एकत्र भरायची नाहीत. वगारी उधळल्या की त्या जड पोटाच्या म्हशीला पळायला जागा नसते, ती तुडवली जाते. मोटार वाहन नियमांप्रमाणं गाय-म्हशीला दोन चौरस मीटर जागा लागते आणि शेळी-मेंढीला ०.३. छोटा हत्तीचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. हिशेब करा, त्यात एकच म्हैस बसते. दोन भरलेल्या मी कितीदा अडवल्या आहेत.

सगळ्यात आधी गाडीची जमीन बघा. लोखंडी पत्र्यावर शेण आणि मूत पडलं की तो साबण लावल्यासारखा होतो. मागचे पाय फाकून म्हैस बसली की गाभण म्हशीचा खुबा जातो, मग ती उठत नाही. नियमात काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या सांगितल्या आहेत. ते नसेल तर खाली दोन बोटं ओली वाळू आणि त्यावर पाचट किंवा भुसा टाका. शेळ्या-मेंढ्यांसाठी पाच सेंटिमीटर जाडीचं गवत किंवा पेंढा अंथरायचा, असं नियमच सांगतो. त्यांचे पाय बांधायचे नाहीत.

चढवायला बांध शोधा. गाडी मागं घेऊन बांधाला लावली, फाळका खाली टाकला की म्हैस सपाट पावलानं आत जाते. बांध नसेल तर माती, पोती, काहीही रचून उतार करा, एक फूट उंचीला निदान तीन फूट लांब. गाभण म्हशीला उडी मारायला लावायची नाही, चौघांनी ढकलायचं नाही. शेपूट पिरगाळणं, पराणी टोचणं, डोळ्यांत तिखट घालणं हे मी पाहिलेलं आहे आणि ज्यांनी केलं त्यांना सोडलेलं नाही. पुढं वैरणीची पेंढी धरा, मागं एक माणूस नुसता उभा राहू द्या, पाच मिनिटं जाऊ द्या. ती चढते.

बांधताना मोरकीला (तोंडाभोवतीच्या दोराला) बांधा, वेसणीला नाही. तोंड इंजिनाकडं. दोर इतका की मान खाली घालून वैरण खाता येईल, पण दोरात पाय अडकणार नाही. मागची बाजू खाली कललेली गाडी टाळा. शेवटच्या महिन्यांत पोटाचा सगळा भार मागं येतो, उतारावर उभी राहिली की अंग (योनी किंवा गर्भाशय) बाहेर यायला वेळ लागत नाही.

निघायच्या आधी पोटभर वैरण आणि पाणी. हे सांगावं लागतं, कारण "गाडी घाण होते" म्हणून उपाशी चढवायची वाईट सवय आहे. दोन-दोन करडं पोटात असलेल्या उस्मानाबादी शेळीला शेवटच्या महिन्यात एक दिवस उपास घडला तरी ती अंगातली चरबी जाळायला लागते, रक्तात विष साठतं, ती मान टाकून बसते. तोंडाला गोडसर, सडक्या फळासारखा वास येतो. त्यातली निम्मीही उठवता येत नाहीत. खाणं तोडू नका, एवढंच तिच्यासाठी औषध आहे.

उन्हाळ्यात म्हैस दुपारची नेऊ नका. काळी कातडी, घाम कमी, जड पोट. पहाटे निघा, अकराच्या आत पोचा. लांब जायचं असेल तर तीन-चार तासांनी सावलीत गाडी थांबवा, जनावर खाली न उतरवता बादलीनं पाणी पाजा, अंगावर पाणी मारा. गाडीवाल्याला मी एकच सांगते, "मागं तुझी पोटुशी बहीण उभी आहे असं समजून ब्रेक मार." ऐकतात.

आणि प्रवासाआधी "शांत राहावी म्हणून" किंवा "सूज उतरावी म्हणून" कुणी सुई मारायला आला तर त्याला हाकला. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड गाभण जनावराला दिलं तर गर्भ पडू शकतो.

वाटेत

म्हशीला वाटेत जे होतं त्यातलं मला सगळ्यात भय वाटतं ते गर्भाशयाला पीळ पडण्याचं. गायीपेक्षा म्हशीत हे बरंच जास्त. जड गर्भाशय आत झोळीसारखं लोंबत असतं. गाडीत म्हैस घसरली, आडवी पडली, धडपडत उठली की ती झोळी स्वतःभोवती फिरते.

एका रात्री अकराच्या सुमाराला दवाखान्याच्या दारात पिकअप उभी राहिली. बाजारातून आणलेली म्हैस, दिवस भरलेली, हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी आणली होती. ती पोटाकडं मान वळवून बघायची, मागच्या पायानं पोटावर मारायची, बसायची, उठायची. कळा येऊन थांबल्या होत्या. हात आत घातला तर मार्ग सरळ नव्हता, शंखाच्या आतल्या बाजूसारखा उजवीकडं वळत गेलेला, पुढं बोटही शिरेना. तिला उतरवून मातीत उजव्या कुशीवर पाडलं, पुढचे पाय एकत्र, मागचे एकत्र बांधले. बारा फुटी फळी कुशीवर आडवी टाकली, एक टोक जमिनीवर, पिकअपवाला त्या फळीवर उभा राहिला. फळी गर्भाशय दाबून ठेवते आणि म्हैस त्याच्याभोवती फिरवायची, ज्या बाजूला पीळ त्याच बाजूला. दोनदा लोळवली, काही नाही. तिसऱ्यांदा लोळवली आणि माझ्या हाताखालून एकदम तांबूस पाणी बाहेर आलं, मार्ग सुटला. म्हैस वाचली. रेडकू गेलेलं होतं, बराच वेळ झाला होता त्याला. पिकअपवाला फळीवरून उतरला आणि तिथंच मातीत बसून राहिला.

ही युक्ती तुम्ही करायची नाही, चुकीच्या बाजूला लोळवलं तर पीळ आणखी घट्ट होतो. तुम्ही फक्त ओळखा. दिवस भरलेलं जनावर अस्वस्थ आहे, कळा सुरू होऊन थांबल्या आहेत आणि पाण्याची पिशवी दिसत नाही, तर गाडी जवळच्या दवाखान्याकडं वळवा. १९६२ या नंबरावर फिरत्या पशुचिकित्सालयाची गाडी मागवता येते, फोनला पैसे पडत नाहीत.

अंग बाहेर आलं तर स्वच्छ गार पाणी ओता, ओल्या धुतलेल्या धोतरात किंवा चादरीत ते उचलून धरा, माशा बसू देऊ नका. राख, हळद, काही लावू नका. जनावर वाटेत गाभडलं तर पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, ओढ्यात टाकू नका, कुत्र्यांपुढं टाकू नका. त्यात ब्रुसेलोसिस असू शकतो. तो माणसाला लागतो, महिनोन् महिने ताप येतो आणि सांधे धरतात. प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा, खोल खड्डा, वर चुना. दवाखान्याला कळवा म्हणजे रक्त तपासतील. आणि वाटेतच व्याली तर प्रवास तिथं संपला असं समजा. आई आणि पिल्लू एकत्र ठेवा, दोन तासांच्या आत चीक पाजा, वार पडल्याची खात्री करा. ओल्या बाळंतिणीला आणि तासाभराच्या रेडकाला घेऊन पुढं जायचं नाही.

कत्तलखान्याच्या दारात

आता माझ्या त्या चार वर्षांतल्या सहकाऱ्यांसाठी, आणि नव्यानं तिथं नेमणूक झालेल्या पोरापोरींसाठी.

महाराष्ट्रात गायीची कत्तल आधीपासून आणि बैल-वळूंची २०१५ पासून बंद आहे, त्यामुळं आपल्यापुढं येतात त्या म्हशी, शेळ्या आणि मेंढ्या. २००१ च्या कत्तलखाना नियमांत सरळ लिहिलं आहे: गाभण जनावर, तीन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू असलेली आई आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू यांची कत्तल करायची नाही. आणि पशुवैद्यकाचा दाखला नसलेल्या कुठल्याही जनावराची कत्तल करायची नाही. त्याच नियमांत असंही आहे की एका पशुवैद्यकानं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. हे आकडे पाठ करा. ट्रक ओळीनं उभे असतात, माल थांबतो, लोक दारात ओरडतात, "मॅडम, हात चालवा." तेव्हा तासाला बारा हे वाक्य तुमच्या पाठीशी उभं राहतं. एका जनावराला पाच मिनिटं. नुसतं कान-डोळे बघून पुढं ढकलायला पाच मिनिटं लागत नाहीत, म्हणजे हात घालण्यासाठीच ती दिलेली आहेत.

माझी पद्धत सांगते. गाडी रिकामी होताना मी फाळक्याशी उभी राहायची. सावकाश, रुंद पावलानं उतरते ती मनात नोंदवायची. मग हौदावर पाणी, उजव्या बाजूनं बघायचं. मग पिंजऱ्यात प्रत्येक म्हशीला हात. बाहेरून कितीही भाकड दिसो, मादी म्हैस हात घातल्याशिवाय पुढं पाठवली नाही. शेळ्या संख्येनं जास्त असतात, तिथं पोट उचलून बघायचं आणि शंका आली ती वेगळी. संशय असला तर दाखला द्यायचा नाही, दुसऱ्या दिवशी परत बघायची. एक दिवस थांबल्यानं कुणाचं घर बुडत नाही.

गाभण निघाली की तिच्या पाठीवर ठळक खूण करा आणि वेगळ्या, सावलीच्या कप्प्यात न्या, जिथून कत्तलीची जागा दिसत नाही, वास आणि आवाज कमी येतो. इतर जनावरांत परत सोडली तर पहाटेच्या गर्दीत तीच पुढं जाते, मी ते एकदा होऊ दिलं आहे आणि त्यानंतर खूण केल्याशिवाय कुठं गेले नाही. चारा, पाणी, विश्रांती. त्याच दिवशी परत गाडीत घालू देऊ नका, ती रात्रभर उभी राहून आलेली असते. नोंदवहीत बिल्ल्याचा नंबर, अंदाजे महिने, कुणाकडून आली ते लिहा आणि मूळ मालकाला स्वतः फोन करा. व्यापारी करत नाही. दहापैकी दोन मालक परत न्यायला येतात. बाकीच्यांसाठी आसपासच्या गोठेवाल्यांचे नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

कधीकधी दुसरा मार्ग नसतो. पाय मोडलेली, खुबा गेलेली, उठू न शकणारी गाभण म्हैस वेदनेत ठेवणं हीच क्रूरता असते. तिला तिथंच वेदनेविना मरण द्यायचं, ओढत न्यायची नाही, आणि निर्णय पशुवैद्यकाचाच. अशा वेळी, किंवा चुकून गाभण जनावर पुढं गेलं असेल तेव्हा, पोटातल्या जिवाचं काय करायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून लिहिते. गर्भाशय उघडायचं नाही. आईचं रक्त थांबलं की पिल्लाला प्राणवायू मिळत नाही, पण त्याचं हृदय आईच्या नंतरही काही वेळ चालतं. पंधरा-वीस मिनिटं पिशवी बंदच राहू द्या. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१७ साली याचा अभ्यास मांडला. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या पिल्लाच्या मेंदूची आणि मज्जातंतूंची रचना झालेली असते, पण आत असेपर्यंत ते झोपेसारख्या अवस्थेत असतं आणि बहुधा त्याला वेदनेची जाणीव होत नाही. बाहेर काढलं आणि त्यानं एकदा श्वास घेतला की ती झोप मोडते. म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबणं जमलंच नाही, तरी काहीही झालं तरी आईच्या मानेवर सुरी फिरल्यापासून पाच मिनिटांच्या आत पिल्लू बाहेर काढायचं नाही. बाहेर आलंच आणि श्वास घेऊ लागलं तर ते तसं फरशीवर सोडून कामाला लागायचं नाही, पशुवैद्यकाला तिथल्या तिथं बोलवायचं आणि त्याला तत्काळ वेदनारहित मरण द्यायचं. कामगारांना हातमोजे द्या, गर्भाचं पाणी अंगावर उडतं आणि ब्रुसेलोसिस तिथूनही लागतो.

जर्मनीनं २०१७ साली शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यातली गाभण जनावरं कत्तलीला देण्यावर बंदी घातली, पण शेळ्या-मेंढ्या त्यातून वगळल्या. आपला २००१ चा नियम गाभणपणाच्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांना लागू आहे. कागदावर आपण पुढं आहोत, तासाला बारा तपासली तर.

पहाटेच्या त्या म्हशीचं सांगायचं राहिलं. शेतकऱ्यानं व्यापाऱ्याचे पैसे परत केले. पण आठव्या महिन्यातल्या म्हशीला मी पुन्हा तेवढ्या लांब जाऊ दिलं नसतं, म्हणून कत्तलखान्यापासून चार किलोमीटरवरच्या एका गवळ्याकडं तिला चालवत नेलं. वैरणीचा खर्च शेतकरी पाठवायचा. अडीच महिन्यांनी वगार झाली. वगार तीन महिन्यांची झाल्यावर तो दोघींना न्यायला आला, हौद्यात वाळू, वर पाचट, पुढच्या कोपऱ्यात पाण्याचे दोन कॅन. गवळ्याकडं रेडा होता. फाळका उघडायच्या आधी शेतकऱ्यानं मला फोन करून बोलावून घेतलं.

"डॉक्टरीणबाई, आधी हात घालून बघा," म्हणाला. "मग चढवतो."

बघितलं. दाखल्यावर लिहिलं, गाभण नाही, प्रवासास योग्य, आणि त्यानं दोर सोडला.